जॅझ बेसवर फ्लॅटवाउंड तारा: आठ महिन्यांनंतर

संक्रांतीच्या आदल्या रविवारी मी बेस गिटारवरच्या राउंडवाउंड (गोल गुंडाळीच्या) तारा उतरवल्या आणि डॅडारिओ कंपनीच्या क्रोम्स या फ्लॅटवाउंड (चपट्या गुंडाळीच्या) तारांचा संच चढवला. आता गणपती होऊन गेले. तारा त्याच आहेत आणि आवाजही जवळजवळ तोच आहे. या आठ महिन्यांत जुन्या तारांची आठवण दोनदा झाली, त्याबद्दलही पुढे लिहिते.

माझ्याकडे स्क्वायर ॲफिनिटी जॅझ बेस आहे, चार तारांचा; जॅझ हे मॉडेलचं नाव. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी घेतला. नोकरी चाकणला, गाड्यांचा आवाज आणि कंपनं मोजण्याची. त्यामुळे टोनबद्दल काही वाचलं की ते मोजून बघावंसं वाटतं.

बेसच का, याचं उत्तर बाबांच्या तंबोऱ्यात आहे. मिरजेचा तंबोरा. बाबा काळी एकमध्ये गायचे आणि शाळेत जायच्या आधी तासभर मी मागे बसून छेडायची. पंचम, जोड, जोड, खर्ज. माझं सगळं लक्ष चौथ्या तारेवर असायचं. पितळेची ती तार कानाला कळायच्या आधी मांडीवरच्या भोपळ्यातून कळते. बेस पहिल्यांदा हातात घेतला त्या दिवशी ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर (दांडीवरची आडवी धातूची पट्टी) तीच जागा सापडली. सी शार्प, ६९.३ हर्ट्झ, बाबांचा खर्ज. दुकानातल्या मुलाने विचारलं, "मॅडम, आधी गिटार वाजवायचात का?" मी म्हटलं, नाही, तंबोरा.

तारांमधला फरकही मला तंबोऱ्यामुळेच लवकर समजला. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावतात, तेव्हा खर्ज नुसता घुमत नाही, वरचे सूर झिरपत राहतात. सतारवाले खुली जवारी आणि बंद जवारी म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. राउंडवाउंडमध्ये मधल्या तारेवर गोल तार गुंडाळलेली असते. आवाज उघडा, झणझणीत, वरच्या सुरांनी भरलेला. फ्लॅटवाउंडवर चपटी पट्टी गुंडाळलेली असते, बोट फिरवलं तर काचेवरून फिरल्यासारखं वाटतं. वरचे सूर कमी उठतात आणि लवकर विरतात. उरतो तो सुराचा गाभा. मला तोच हवा होता.

राउंडवाउंडची माझी अडचण दोन प्रकारची. एक, बोट सरकलं की होणारी चर्र. आमच्या गटात गाणी सावकाश आहेत, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं असतं, आणि प्रत्येक घसरणीला ती चर्र अँपमधून स्पष्ट ऐकू येते. दुसरी म्हणजे नव्या तारांची झळाळी माझ्या हाताला टिकत नाही. गुंडाळीच्या फटींत घाम आणि मळ बसतो, दीड-दोन महिन्यांत तार मुकी होते. काही वादक त्या उकळत्या पाण्यातून काढून परत चढवतात. मीही दोनदा केलं. चमक आली, आठवडाभराने गेली.

आता आवाजाच्या तुलनेबद्दल, कारण मी हे सगळं खरं म्हणजे त्यासाठीच लिहायला घेतलं.

माझी सरावाची खोली दहा बाय बाराची आहे, म्हणजे साधारण ३.०५ मीटर बाय ३.६६ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये जी लांबट लाट अडकते ती मोजणं सोपं आहे: आवाजाचा वेग, सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, भागिले लांबीची दुप्पट. बारा फुटांच्या बाजूला हे उत्तर येतं ४७ हर्ट्झच्या जरा खाली. दहा फुटांच्या बाजूला ५६. आता बेसचे सूर बघा. ई तारेचा दुसरा फ्रेट, एफ शार्प, ४६.२. मोकळी ए तार, ५५. म्हणजे माझ्या खोलीत हे दोन सूर भिंती स्वतःच उचलून धरतात आणि शेजारचे सूर मागे राहतात. पहिलं वर्षभर मला वाटायचं की माझ्या बेसची ए तार जास्त बोलते. बेसमध्ये तसं काहीच नव्हतं. पलंग उचलून समोरच्या भिंतीला लावला, मी कोपऱ्यातून उठून दाराजवळ बसले, तेव्हा तीच ए तार शहाणी झाली. खालच्या मजल्यावरच्या काकूंनीही एकदा जिन्यात सांगितलं, "तुझा एकच सूर आमच्या कपाटातल्या काचा वाजवतो गं." कोणता, हे मला न विचारताच माहीत होतं.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं की दुकानात दहा मिनिटं वाजवून किंवा घरात एका जागी बसून एका बेसची दुसऱ्याशी तुलना करू नका. कानात ऐकू येतं त्यात खोलीचा वाटा मोठा असतो. हेडफोनवर ऐका, नाहीतर मोठ्या खोलीत जा.

आम्ही गटाच्या सरावासाठी जॅमरूम तासावर घेतो. आमच्यातल्या गिटारवाल्याकडे प्रिसिजन धाटणीचा बेस आहे. लिओ फेंडरने प्रिसिजन १९५१ मध्ये काढला. फ्रेट असल्यामुळे सूर नेमका लागतो, म्हणून ते नाव. त्याचा आजचा दोन तुकड्यांचा पिकअप (तारेचं कंपन विजेत उतरवणारा भाग) १९५७ पासूनचा. जॅझ बेस १९६० मधला, दोन सलग पिकअपचा, आणि त्याची मान, म्हणजे दांडी, नटापाशी (खुंट्यांकडच्या टोकाला) बारीक, ३८ मिलिमीटर. माझा हात लहान आहे, त्यामुळे निवड करताना मला आवाजाइतकीच ती मान महत्त्वाची वाटली होती.

तीन वेगवेगळ्या रविवारी आम्ही एकच खेळ केला. अँप एक, केबल एक, वाजवणारी मी, ऐकणारे तिघं पाठ फिरवून, कोणता बेस वाजतोय ते ओळखायचं. दोन्ही बेसचा आवाज मीटरने सारखा करून घेतला. इथे एक सांगते, मीटर सी वेटिंगवर ठेवायचं, म्हणजे खालचे सूर फारसे न वगळणाऱ्या सेटिंगवर. ए वेटिंगवर ठेवलं तर ४० हर्ट्झच्या आसपास जवळजवळ ३५ डेसिबल वजा होतात आणि बेस मोजलाच जात नाही. एरवी जोराने वाजणारा बेस सगळ्यांना चांगला वाटतो. दुकानातल्या अर्ध्या निवडी त्यावरच होत असाव्यात.

पहिल्या रविवारी दोन्हींवर राउंडवाउंड. जॅझचा फक्त मानेकडचा पिकअप उघडा आणि टोनची कळ अर्धी खाली, अशा वेळी तिघांना दहापैकी पाच-सहा वेळा ओळखता आलं, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. जॅझचे दोन्ही पिकअप पूर्ण उघडले की मात्र लगेच ओळखत. दोन ठिकाणचे पिकअप एकत्र आले की मधले काही सूर एकमेकांना खातात आणि आवाज मधून पोकळ, कडेने स्पष्ट होतो. दुसरा रविवार माझ्या क्रोम्सनंतरचा: जॅझवर फ्लॅट, प्रिसिजनवर जुन्याच तारा. दहाच्या दहा वेळा ओळखलं, तेही दुसऱ्या सुरालाच. मग मे महिन्यात गिटारवाल्यानेही प्रिसिजनवर फ्लॅटवाउंड लावल्या. तिसऱ्या रविवारी नुसता बेस वाजवला तेव्हा बऱ्याचदा ओळखला; ड्रम आणि गिटार सुरू झाल्यावर कोणालाच खात्रीने सांगता आलं नाही.

माझ्यापुरतं हे उत्तर पक्कं झालं. दोन बेसमधल्या फरकापेक्षा दोन जातींच्या तारांमधला फरक मोठा. बेस बदलायचा विचार मनात असेल तर आधी तारा बदलून बघा, खर्च कितीतरी कमी येतो. बेसवादक जेम्स जेमरसनचं उदाहरण सगळे देतात आणि ते खरंच बोलकं आहे: १९६२ चा प्रिसिजन, जाड फ्लॅटवाउंड तारा, त्या वर्षानुवर्षं न बदलता, आणि उजव्या हाताचं एकच बोट. दुसऱ्या टोकाला बेसवादक जाको पास्टोरियस, फ्रेट काढलेला जॅझ आणि त्यावर राउंडवाउंड. तो गाणारा, किंचित नाकातला आवाज फ्लॅटवाउंडमधून निघणार नाही, याबद्दल मला शंका नाही.

सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपच्या गुणगुणीबद्दलही लिहायला हवं. जॅझचा एकच पिकअप उघडा ठेवला की विजेची ५० हर्ट्झची घूं ऐकू येते. ई तारेचा तिसरा फ्रेट, जी, ४९ हर्ट्झ. तो सूर लांबवला की घूं आणि सूर यांच्यात सेकंदाला एक असा हेलकावा पडतो. तंबोरा लावताना दोन जोड जवळ येतात पण मिळत नाहीत, तेव्हा जसं ऐकू येतं अगदी तसं. आमच्या जुन्या इमारतीत अर्थिंग नीट करून घेतल्यावर घूं बरीच कमी झाली. दोन्ही पिकअप पूर्ण उघडले की ती जातेच, कारण त्यांची वेटोळी एकमेकांच्या उलट असतात. प्रिसिजनच्या दोन तुकड्यांतही हीच युक्ती असल्याने तिथे हा प्रश्न येत नाही.

तारांच्या खरेदीत एक घोळ झाला. आधी ज्या दुकानात गेले तिथे मला मीडियम स्केलचा (स्केल म्हणजे नटापासून घोडीपर्यंतची तारेची लांबी) संच दिला आणि "सगळ्या सारख्याच असतात" असं सांगितलं. जॅझची स्केल ३४ इंच, म्हणजे लाँग स्केल. मीडियमच्या तारेची जाड गुंडाळी खुंटीच्या बऱ्याच आधी संपते आणि टोकाचा बारीक भाग नटावर येतो. मी कापण्याआधी तार बेसवर धरून पाहिली म्हणून परत करता आली. पाकिटावर लाँग स्केल लिहिलंय का, हे स्वतः वाचा. माझा संच ४५ ते १०० चा आहे (तारांची जाडी, इंचाच्या हजारांशांत), क्रोम्समधला हलका. किंमत साध्या राउंडवाउंड संचाच्या जवळजवळ दुप्पट पडली. पण आधी मी वर्षाला पाच-सहा संच वापरत होते, तेव्हा हिशेब उलटा होतो.

चढवताना एकेक तार बदलली, सगळ्या एकदम काढल्या नाहीत, म्हणजे मानेवरचा ताण एकदम सुटत नाही. आणि फ्लॅटवाउंड कापण्याआधी खुंटीच्या जागी काटकोनात दुमडून घ्यायची, मगच पुढचं टोक कापायचं. नाहीतर चपटी पट्टी आत सैल होते आणि तार कायमची मेलेली वाजते. नव्या तारा बोटाला ताठ लागतात. पहिले पंधरा दिवस डाव्या हाताची करंगळी दुखायची. मानही किंचित पुढे वाकली, तारा फ्रेटपासून उंच झाल्या. कॅम्पातल्या एका जुन्या कारागिराकडे घेऊन गेले. त्यांनी ट्रस रॉडला (मानेतली, तिचा बाक सांभाळणारी सळई) पाव वेढा दिला, रात्रभर ठेवला, दुसऱ्या दिवशी बाराव्या फ्रेटवर चारही तारांचा सूर तपासून ब्रिजवरचे (घोडीवरचे) सॅडल, म्हणजे तारांचे टेकू, मागेपुढे केले. मी समोर बसून पाहिलं. तारेवर कान ठेवून ऐकायची त्यांची पद्धत जवारी काढणाऱ्यासारखीच होती. जुलैत पावसाने मान परत थोडी हलली. या वेळी पाव वेढ्याचं काम मी घरीच केलं.

आवाज महिन्याभराने बसला. सुरुवातीला क्रोम्स माझ्या अपेक्षेपेक्षा उजळ वाटल्या. फ्लॅटवाउंड तारांमध्ये त्या उजळच समजल्या जातात. आता ती धार गेली आहे आणि खालचा सूर गोल, जरा लाकडी, छातीत लागणारा येतो. मधल्या बोटाच्या मांसल भागाने, मानेच्या टोकापाशी छेडलं की ए तारेचा तो चौथा फ्रेट बाबांच्या तंबोऱ्याच्या इतका जवळ जातो, की गेल्या महिन्यात तंबोरा कोपऱ्यातून काढून, लावून, मी दोन्ही एकापाठोपाठ छेडून पाहिले. तंबोऱ्याची जवारी अर्थातच बेसमध्ये नाही. पण ठोका संपल्यावर जे मागे राहतं ते सारखं आहे.

राउंडवाउंडची आठवण आली त्या दोन वेळा अशा. एकदा भाच्याने स्लॅप शिकवायचा प्रयत्न केला. अंगठ्याने मारलं, तार ओढून सोडली, आणि फट् एवढंच झालं. ज्यांना स्लॅप वाजवायचंय त्यांनी या तारा घेऊ नयेत, स्टीलच्या राउंडवाउंड घ्याव्यात. रोटोसाउंडच्या स्विंग बेस तारा त्याच आवाजासाठी ओळखल्या जातात. दुसरी वेळ सोसायटीच्या गणपतीत. मांडवात खांबावरचे छोटे स्पीकर होते. मोकळी ई तार ४१.२ हर्ट्झ, एवढं खालचं त्यांच्यातून निघतच नाही. एरवी ८२, १२४ असे वरचे सूर ऐकून कान खालचा सूर मनात भरून काढतो, पण फ्लॅटवाउंडमध्ये तेच वरचे सूर कमी. मागच्या रांगेत बेस गायबच झाला. मोबाइलवरच्या ध्वनिमुद्रणातही तेच. दुसऱ्या गाण्यापासून मी सगळं एक सप्तक वर नेलं, ब्रिजकडचा पिकअप उघडला आणि छेडायची जागा मागे नेली. मग कुठे गायिकेने मान डोलावली.

पुढच्या वर्षी मंडळाला निदान एक मोठा बेस स्पीकर भाड्याने आणायला सांगणार आहे. जुन्या राउंडवाउंड तारा पुसून, वेटोळं करून, वर तारीख लिहून डब्यात ठेवल्या आहेत. भाच्याने त्या त्याच्या बेससाठी मागितल्यात, येत्या रविवारी नेईल.