लिस्टच्या आत लिस्ट: घटकाची जागा शोधायला कोणती पद्धत घ्यावी?

पायथनमध्ये [[४, ९], [७, २, ९], [५]] अशी लिस्ट आहे आणि त्यात ७ कुठे आहे ते हवंय. सवयीने आपण घटकाचा क्रमांक देणारी इंडेक्स मेथड वापरतो आणि व्हॅल्यूएरर, म्हणजे ‘असा घटक नाही’ ही चूक, पदरात पडते. ही मेथड फक्त वरचा थर बघते. तिच्या लेखी इथे तीनच घटक आहेत आणि तिन्ही लिस्टच आहेत, त्यात ७ नाहीच.

मग काय वापरायचं? ते दोन गोष्टींवर ठरतं: थर किती हे आधीच ठाऊक आहे का, आणि शोध एकदाच घ्यायचाय की सारखा सारखा.

थर दोनच आणि शोध एखादाच असेल, तर लूपमध्ये लूप आणि दोन्हीकडे एन्युमरेट, म्हणजे घटकासोबत त्याचा क्रमांकही देणारं फंक्शन. बाहेरचा लूप ओळीचा (म्हणजे आतल्या लिस्टचा) क्रमांक देतो, आतला रकान्याचा (म्हणजे त्या ओळीतल्या जागेचा). मोजणी शून्यापासून असते, म्हणून ७ साठी उत्तर येतं (१, ०). फक्त हे फंक्शनमध्ये लिहा. ब्रेकने आतला लूप थांबतो, बाहेरचा चालूच राहतो, आणि मग ‘सापडलं’ अशी खूण ठेवणारा फ्लॅग लावत बसावं लागतं. रिटर्न केलं की दोन्ही एका दमात सुटतात. सापडलं नाही तर काही जण -१ परत करतात. ते नको, कारण पायथनमध्ये -१ म्हणजे शेवटचा घटक. चुकीचं उत्तर बिनबोभाट पुढे जातं. त्यापेक्षा नन (None, म्हणजे ‘काहीच नाही’) परत करा.

हेच जनरेटर (एकेक उत्तर मागेल तसं देणारी रचना) आणि त्यातलं पुढचं उत्तर काढणारं नेक्स्ट वापरून कोडच्या एकाच ओळीत बसतं. तेही पहिल्या जुळणीवर थांबतं, पण काहीच न सापडल्यास परत करायची डीफॉल्ट किंमत द्यायला विसरलात तर स्टॉपइटरेशन ही चूक येते. मला लूपच बरा वाटतो. सहा महिन्यांनी वाचताना डोकं खाजवावं लागत नाही.

तिसरी रीत म्हणजे ओळीत घटक आहे का ते ‘इन’ने बघायचं आणि असेल तर त्या ओळीवरच इंडेक्स चालवायचा. सापडलेली ओळ दोनदा तपासली जाते खरी, पण ओळी लांब असतील तर हीच रीत बहुधा वेगवान ठरते, कारण ती तपासणी आत सी भाषेत होते. मात्र ओळीचा क्रमांक काढायला बाहेरच्या लिस्टवर इंडेक्स चालवू नका. दोन ओळी तंतोतंत सारख्या असल्या आणि सगळ्या जागा हव्या असल्या, तर दोन्ही वेळा पहिल्याच ओळीचा क्रमांक मिळतो.

थर किती ते माहीतच नसेल तर रिकर्शनला, म्हणजे स्वतःलाच पुन्हा बोलावणाऱ्या फंक्शनला, पर्याय शोधत बसू नका. उत्तर म्हणून प्रत्येक थरातल्या क्रमांकांची पूर्ण वाट टपलमध्ये, म्हणजे (१, ०) सारख्या कंसातल्या यादीत, परत करा. एक खाचखळगा आहे: ‘यावर लूप चालतो का’ असं तपासून आत शिरलात तर स्ट्रिंग (म्हणजे मजकूर) घात करते. एका अक्षराच्या स्ट्रिंगचा पहिला घटक तीच स्ट्रिंग असते, त्यामुळे उतरणं संपतच नाही आणि एकात एक बोलावण्याची १००० ची डीफॉल्ट मर्यादा ओलांडून रिकर्शनएरर येतो. घटक लिस्टच आहे का, एवढंच तपासा.

नमपाय (आकड्यांच्या कामाची पायथन लायब्ररी) मधलं आर्गव्हेअर हे फंक्शन सगळ्या जागा एकदम देतं, पण डेटा आधीच नमपायमध्ये असेल तरच. आपल्या वरच्या लिस्टसारख्या कमीजास्त लांबीच्या ओळींवर १.२४ आवृत्तीपासून थेट एरर येतो. शिवाय पहिली जुळणी झाली तरी ते थांबत नाही, सगळा अ‍ॅरे (नमपायमधली यादी) तपासतं.

शोध सारखे सारखे घ्यायचे असतील, तर डिक्शनरीपुढे बाकी सगळं फिकं. एकदा पूर्ण लिस्ट फिरून ‘घटक ते जागा’ अशी नोंद करायची. पुढचा प्रत्येक शोध सरासरी ठरावीक वेळात होतो, लिस्ट कितीही मोठी असो. पण इथे ९ दोनदा आहे. साधी नोंद केली तर शेवटची जागा उरते, (१, २). लूप मात्र पहिली देतो, (०, १). पहिलीच हवी असेल तर सेटडीफॉल्ट वापरा, ते आधीची नोंद असल्यास तिला हात लावत नाही. आणि लिस्ट अधूनमधून बदलत असेल तर डिक्शनरीच्या फंदात पडू नका: ओळीच्या सुरुवातीला एक घटक घातला की त्या ओळीतल्या पुढच्या सगळ्या नोंदी एका घराने चुकतात, आणि कुठलाही एरर येत नाही.