‘फुल कार्बन, १०५, अर्जंट सेल’: पहिल्या ट्रायथलॉनसाठी सायकल घेताना माझी झालेली फसवणूक

पहिली ट्रायथलॉन करायची ठरली की पोहण्याचं तलावाच्या फीवर भागतं, पळण्याचं चांगल्या बुटांवर. सायकलीपाशी मात्र सगळं पैशांवर येऊन अडतं. म्हणून बहुतेक नवखे सेकंडहँड रोडबाइक शोधतात. नवख्यांना काय ऐकायला आवडतं हे पाठ असलेली माणसं तिथे टपून बसलेली आहेत. त्यांच्यापैकी एकाने पुण्यात मला ४५,००० रुपयांना फसवलं. तो काय काय बोलला ते सविस्तर लिहिते, कारण दुसऱ्यांनाही तो हेच सांगणार.

जाहिरात अशी होती: ‘फुल कार्बन, १०५ ग्रुपसेट, २०२१ मॉडेल, सिंगल ओनर, अर्जंट सेल.’ म्हणजे फ्रेम पूर्ण कार्बन फायबरची आणि ग्रुपसेट, म्हणजे गिअर-ब्रेकचा संच, शिमानो कंपनीचा १०५. फोनवर माणूस अगदी आपुलकीने बोलला. “ताई, मी गोव्याची हाफ आयर्नमॅन केलीये. आता टीटी बाइक घेतोय म्हणून ही काढतोय. ट्रायथलॉन करणाऱ्याच्याच हातात जावी, एवढंच वाटतं.” हाफ आयर्नमॅन म्हणजे लांब पल्ल्याची ट्रायथलॉन, आणि टीटी (टाइम ट्रायल) बाइक म्हणजे वारा कापत वाकून चालवायची वेगवान सायकल. त्या शर्यतीत ९० किलोमीटर सायकल चालवताना काय खायचं, पाण्यातून बाहेर आल्यावर ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे सायकलवर बसण्याआधीच्या टप्प्यात, काय करायचं, सगळं न विचारता सांगितलं. त्याच ओघात माझी रेस कधी आहे हेही विचारून घेतलं. मी तारीख सांगितली आणि दुसऱ्या दिवसापासून घाई सुरू झाली. “नाशिकचा एक जण निघालाय. तुम्ही ५,००० टोकन टाका, मी त्याला नाही म्हणून कळवतो.”

सायकल दाखवली ती अंधार पडल्यावर, एका सोसायटीच्या तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये. धुऊन-पुसून लख्ख, हँडलला नवी टेप, चेन नवी कोरी. बिलाचं विचारलं तर “घर बदलताना गहाळ झालं.” साइजचा स्टिकर जागेवर नव्हता, त्यावर “सीट खाली घेतली की बसेल तुम्हाला.” पार्किंगमध्ये दोन चकरा मारल्या तेव्हा सायकल सुरेख चालली. उरलेले पैसे तिथेच यूपीआयने दिले.

बोपदेव घाटात तिचं खरं रूप कळलं. चढावर पेडलवर जोर दिला की चेन दात्यांवरून घसरायची, पाय एकदम खाली जायचा आणि सायकल डगमगायची. मागून ट्रक येत असताना हे झालं. मी तिथूनच परत फिरले आणि सायकल मेकॅनिककडे नेली.

त्याने कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाचे, दाते दाखवले. झिजून टोकदार झालेले, एका बाजूला कललेले. जुन्या चेनसोबत अशी कॅसेट कशीबशी चालते, पण तिच्यावर नवी चेन चढवली की जोर पडताच ती घसरते. सपाट पार्किंगमध्ये हे कळायची सोयच नव्हती, आणि विकणाऱ्याने तीच जागा निवडली होती. मग मेकॅनिकने मागच्या डिरेलरवरचा, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागावरचा, नंबर वाचला: आरडी-५७०१. १०५ खरंच होता, पण ५७०० मालिकेतला. ती मालिका २०१० मधली, दहा गिअरची. २०१४ मध्ये आलेली ५८०० अकरा गिअरची. म्हणजे ‘२०२१ मॉडेल’वर बसलेला ग्रुपसेट दहा वर्षांहून जुना होता.

इथवरचं पैसे घालून दुरुस्त होण्यासारखं होतं. फ्रेमच्या डाउन ट्यूबवर, म्हणजे हँडलकडून पेडलकडे उतरणाऱ्या नळीवर, मात्र एक रुंद, चकचकीत संरक्षक स्टिकर होता. मेकॅनिकने तो सोलला. खाली तडा होता, फिलरने बुजवून वरून रंग मारलेला. नाण्याने फ्रेम ठोकत गेलो तर इतर ठिकाणी खणखणीत आवाज, तिथे बद्द. “ताई, हिला उतारावर नेऊ नका,” एवढंच तो म्हणाला. कार्बन दुरुस्त होतो, जाणकाराने कापडाचे थर देऊन नीट केलेली फ्रेम लोक वर्षानुवर्षं वापरतात. पण दुरुस्त न करता तडा रंगाखाली दडवून, त्यावर स्टिकर लावून, उतारावर ताशी ५० च्या वेगाने जाणाऱ्या माणसाला ती विकणं हा माझ्या मते जिवाशी खेळ आहे. पैशांहून मला याचा जास्त राग आहे.

फोन केला तर आधी “घेताना बघून घेतली होती ना?” आणि मग नंबर ब्लॉक. गोव्याच्या शर्यतीचे निकाल नावानिशी जाहीर होतात. त्याने सांगितलेलं नाव त्यात कुठेच सापडलं नाही. पुढे ओळखीतल्या एकाला वेगळ्या नंबरवरून, वेगळ्या सायकलीसाठी, शब्दन् शब्द तीच टीटी बाइकची गोष्ट ऐकवली गेली. अपघातात गेलेल्या सायकली स्वस्तात उचलून रंगवून विकायच्या, हा त्याचा धंदा आहे असं मला आता स्पष्ट दिसतं.

तुम्ही शोधात असाल तर कळकळीने सांगते, सायकल दिवसा उजेडी बघा आणि मेकॅनिकला त्याची फी देऊन सोबत न्या. विकणारा त्याला नको म्हणाला तर तिथूनच परत फिरा. गिअर स्वतः मोजा: शिमानोच्या अलीकडच्या मालिकांत सगळ्यात स्वस्त क्लॅरिसला मागे आठ चकत्या असतात, सोराला नऊ, टियाग्राला दहा, १०५ ला अकरा किंवा बारा. सायकल चढावर चालवून बघा. फ्रेमवरचा प्रत्येक स्टिकर संशयाने बघा, विशेषतः हेड ट्यूबजवळ (हँडलखालची आखूड नळी), डाउन ट्यूबवर आणि चेनस्टेवर (पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणारी नळी). फ्रेम नंबर बहुतेक वेळा दोन पेडलांच्या मधोमध, फ्रेमच्या खालच्या बाजूला असतो. तो खरवडलेला असेल आणि बिल नसेल तर सायकल चोरीचीही असू शकते. आणि साइज. माझी उंची पाच फूट चार इंच, मला ५० सेंटीमीटरच्या आसपासची फ्रेम लागते. ही ५६ निघाली. सीट खाली केल्याने हँडल जवळ येत नाही. मान, खांदे आणि तळहात तासाभरात बोलायला लागतात.

कार्बनच्या मोहाबद्दलही बोलायला हवं. स्प्रिंट ट्रायथलॉनमध्ये सायकलिंग २० किलोमीटर असतं, ऑलिंपिक अंतरात ४०. त्यासाठी आपल्या मापाची अ‍ॅल्युमिनियमची, क्लॅरिस किंवा सोराची धड सायकल पुरून उरते. अ‍ॅल्युमिनियमला मार लागला तर तो बहुतेक वेळा पोचा होऊन दिसतो, आणि उरलेल्या पैशांत चांगलं हेल्मेट आणि नवे टायर येतात. कमी बजेटमध्ये ‘फुल कार्बन’ दिसलं की आधी विचारा, ही इतकी स्वस्त का?

मी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला आहे. सोबत जाहिरातीचे स्क्रीनशॉट, चॅट, यूपीआयच्या व्यवहारांचे क्रमांक आणि मेकॅनिकने स्टिकर सोलतानाचे फोटो जोडले आहेत. टोकन घेऊन सायकल न दाखवताच कोणी गायब झाला असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त. आणि ‘टीटी बाइक घेतोय म्हणून काढतोय’ हे वाक्य ज्यांनी पैसे देण्याआधी ऐकलं असेल, त्यांनी ते चॅट डिलीट करू नयेत. आपापल्या ठाण्यात तक्रार द्या, त्याने वापरलेले सगळे नंबर त्यात लिहा.