कॅम्पर गाडीत हीटर कुठला घ्यायचा, गॅसचा का लाईटचा?

आम्ही आमची ट्रॅव्हलर गाडी इथं कोल्हापूरच्या उद्यमनगरात कॅम्पर करून घेतली, बेड, सिंक, ओटा सगळं लई भारी जमलं, पण हीटरवरनं घरात वाद. दादा म्हणायचा गॅसचा, मी म्हणायचो लाईटचा. शेवटी दोन्ही बसवले, पन्हाळा-आंबोलीला आणि हिवाळ्यात मनालीला वापरले, त्यावरनं लिहितोय.

लाईटचा म्हणजे साधा २००० वॉटचा फॅन हीटर, दीड-दोन हजारात मिळतो. आपल्याकडच्या थंडीला १००० वर ठेवला तरी गाडी पाच-दहा मिनिटात उबदार होते, धूर नाही, ओल नाही, पोरं निवांत झोपतात. पण प्लग पॉइंट पाहिजे. बॅटरीवर चालवायचा विचार डोक्यातनं काढून टाका, १२ व्होल्टची २०० एएचची (अँपिअर-अवरची) लिथियम बॅटरी म्हणजे जेमतेम अडीच युनिट, १००० वॉटला इन्व्हर्टर ८०-९० अँपिअर ओढतो आणि दोन-सव्वादोन तासात खेळ खल्लास. हॉटेलवाल्याकडनं लाईन घेतली तर वायर अडीच एमएमची आणि प्लग १६ अँपिअरचाच घ्या, दहा मिनिटांनी प्लगला हात लावून बघा, चटका बसत असेल तर लगेच बंद. आणि डोंगरात व्होल्टेज पडतं, २३० चं १८० झालं की २००० वॉटचा हीटर १२०० च्या आसपासच देतो, मनालीला पहाटे हेच झालं.

आता गॅस. जिथं लाईटच नाही तिथं याला तोड नाही, २ किलोवॅटच्या हीटरला तासाला दीडशे-एकशेसाठ ग्रॅम गॅस लागतो, म्हणजे ५ किलोच्या सिलिंडरवर ३० तास निघतात, वर फक्त छोट्या फॅनपुरती बॅटरी. पण घ्यायचा तर बाहेरची हवा घेऊन धूर बाहेरच सोडणाराच घ्या. एका दुकानात आम्हाला लाल जाळीचा उघडा हीटर दाखवत होते, खिडकी जरा उघडी ठेवा काय होत नाही म्हणे. अजिबात ऐकू नका!! बंद बाथरूममधल्या गॅस गीझरच्या बातम्या आपण वाचतोच, कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, झोपलेल्या माणसाला कळतच नाही. शिवाय एक किलो गॅस जळला की दीड किलोच्या वर पाणी वाफ होऊन हवेत येतं, काचा, गाद्या सगळं ओलं.

अजून एक, अमेरिकेतल्या मोटरहोममध्ये प्रोपेन असतो, त्याची उणे ४२ अंशापर्यंत वाफ होते. आपल्या सिलिंडरमध्ये प्रोपेन-ब्युटेन मिसळलेला असतो आणि ब्युटेनची वाफ शून्याच्या आसपासच व्हायची थांबते, त्यामुळं बर्फात अर्धा सिलिंडर शिल्लक असून ज्योत बारीक होते. तिकडचे व्हिडिओ बघून हिशोब करू नका.

माझं मत स्पष्ट आहे, कोकण, पन्हाळा, महाबळेश्वर एवढंच फिरणार असाल तर लाईटचाच घ्या आणि गॅसचे पैसे वाचवा. हिमाचल-लडाखला जाणार असाल तर दोन्ही पाहिजेत, आणि दोन डिटेक्टर, गॅसचा खाली फरशीजवळ कारण एलपीजी हवेपेक्षा जड, कार्बन मोनॉक्साइडचा झोपतो त्या उंचीला. काम करून घेताना एक्झॉस्टचं होल प्लायवूड मारायच्या आधीच पाडून घ्या, नंतर सगळं पॅनेल काढावं लागतं.