समुद्रतळाचे वय दाखवणारा पृथ्वीगोल

बहुतेक पृथ्वीगोलांवर समुद्र म्हणजे नुसता निळा रंग असतो. 30 सेंटिमीटर व्यासाच्या या उठावदार गोलावर मात्र समुद्रतळाचा खडक वयानुसार रंगवला आहे: नवा तळ लाल, त्याहून जुना पिवळा आणि हिरवा, सर्वांत जुना जांभळा. अटलांटिकच्या मधोमध उत्तर-दक्षिण गेलेला लाल पट्टा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सारख्याच क्रमाने जुने होत जाणारे रंग पाहिले, की तळ मध्यभागी फाटतो, तेथे नवा खडक तयार होतो आणि दोन्हीकडची खंडे दूर सरकतात, हे वेगळे सांगावे लागत नाही. आग्नेय पॅसिफिकमध्ये हाच लाल पट्टा कितीतरी रुंद होतो, कारण तेथे काही ठिकाणी तळ वर्षाला 15 सेंटिमीटरपर्यंत विस्तारतो. अटलांटिकमध्ये हा वेग साधारण 2 ते 4 सेंटिमीटर आहे. म्हणजे पट्ट्याची रुंदी हीच वेगाची मोजपट्टी ठरते.

असे असताना भूपट्टांची, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकणाऱ्या प्रचंड तुकड्यांची, दिशा दाखवणारे बाण मात्र सगळीकडे एकाच लांबीचे छापले आहेत. रंगांनी वेगाबद्दल जे नेमके सांगितले, ते हे बाण पुसून टाकतात.

जांभळा रंग पश्चिम पॅसिफिकमध्ये, मरियाना गर्तेच्या (समुद्रतळावरील खोल, लांबट खळग्याच्या) आसपास दिसतो. तेथील तळ सुमारे 18 कोटी वर्षांचा आहे, तर खंडांवर 400 कोटी वर्षांचे खडकही सापडतात. जुना समुद्रतळ गर्तांमधून पुन्हा पृथ्वीच्या पोटात जातो, म्हणून ही तफावत पडते. खंडांना एकच करडा रंग दिल्याने ती गोलावर उमटत नाही. या आकाराच्या गोलावर मरियाना गर्तेची सुमारे 11 किलोमीटर खोली प्रत्यक्षात पाव मिलिमीटर भरेल, इथे मात्र गर्तेत बोटाचे टोक सहज रुतते. उठाव वाढवण्याला हरकत नाही. तो किती पट वाढवला आहे, हे छापायला हवे होते.

सोबतची पुस्तिका निराशा करते. 1912 साली खंडवहनाची कल्पना मांडणारे आल्फ्रेड वेगेनर त्यात आहेत, पण अटलांटिकच्या तळाचे नकाशे काढताना मधल्या, समुद्राखालच्या पर्वतरांगेतली खचदरी (तळ फाटून खचल्याने झालेली दरी) ओळखणाऱ्या मारी थार्प यांचा उल्लेखही नाही. भूपट्ट वितळलेल्या लाव्ह्यावर तरंगतात, हे पुस्तिकेतील विधान तर सरळ चुकीचे आहे: प्रावरण, म्हणजे कवचाखालचा जाड थर, जवळपास सगळे घन असून ते अत्यंत संथपणे वाहते. गोल जरूर घ्यावा, पुस्तिका विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नये. गोलाची बैठक मात्र निर्मात्यांनी बदलावी, कारण तिच्या रुंद कड्याखाली अंटार्क्टिकाभोवतीच्या मध्यसागरी पर्वतरांगेचा बराच भाग झाकला जातो.