निपाणीच्या पेठेतील पशुखाद्याचे दुकान : एका घोडेवाल्याचा अभिप्राय

माऊलींच्या पालखी सोहळ्यातील अश्व दरवर्षी आमच्याच चिकोडी तालुक्यातील अंकलीहून आळंदीकडे निघतात आणि घोडागाडीच्या शर्यतींचे वेडही या पट्ट्यात जुनेच आहे. तरीही चंदी, म्हणजे घोड्याला द्यायचे धान्य, घेण्यासाठी पेठेत जावे, तर बहुतेक दुकाने म्हशींच्या हिशेबाने भरलेली असतात. निपाणीतील हे दुकान त्याला अपवाद आहे, असे दोन वर्षांच्या अनुभवावरून म्हणता येईल.

पहिल्याच खेपेला हरभऱ्याचा भरडा संपला होता, म्हणून मी शेजारच्या थप्पीतील कोंबडीखाद्याचे पोते मागितले. मालकांनी ते दिले नाही. "घोड्याला हे नको अण्णा, परवा या," एवढेच ते म्हणाले. कोंबड्यांना रक्ती हगवण होऊ नये म्हणून अशा खाद्यात बरेचदा मोनेन्सिन हे औषध मिसळलेले असते. कोंबडीला ते मानवते, परंतु घोड्याच्या हृदयाचे स्नायू त्याच्या अल्प मात्रेनेही निकामी होतात. हाती आलेले गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार मला तरी विरळाच भेटला आहे.

ओटचे पोते ते आपल्यासमोर उसवतात, तळापर्यंत हात घालून मूठभर दाणे काढतात आणि आधी स्वतः हुंगून मग आपल्या तळहातावर ठेवतात. याचे मोल मला कळते, कारण पूर्वी दुसऱ्या एका दुकानातून आणलेल्या कोंड्यात बुरशीचे गोळे निघाले होते. ते मी वेळीच पाहिले नाहीत, आणि पोटशूळाने लोळू पाहणाऱ्या घोडीला डॉक्टर येईपर्यंत रात्रभर फिरवत राहिलो. घोड्याला उलटी होत नाही. पोटात गेलेले वाईट अन्न वरच्या वाटेने बाहेर पडत नाही.

दोष आहेत. येथे चंदी डब्याने मोजतात, आणि तोच डबा ओटने भरला तर हलका, हरभऱ्याने भरला तर कितीतरी जड होतो. डब्याच्या भरवशावर धान्य बदलणाऱ्याची घोडी नकळत जास्त खाते. घोड्याचे जठर जेमतेम 8 ते 15 लिटरचे असल्याने मी माझ्या 350 किलोच्या घोडीला एका वेळी दीड किलोहून अधिक चंदी तोबऱ्यात घालत नाही, दिवसाकाठी सुमारे 7 किलो वाळले गवत व कडबा देतो, आणि नवे धान्य आठ-दहा दिवसांत थोडेथोडे वाढवत नेतो. दुकानातील पोरगा "कोंडा वाढवा, घोडी भरेल" असे सर्वांनाच सांगतो, तेही ऐकू नये. कोंड्यात फॉस्फरस भरपूर व कॅल्शियम कमी असल्याने तो फार झाला की हाडे कमकुवत होतात.

कडबा कोरडा मिळतो. लसूणघास मात्र आदल्या दिवशी सांगून ठेवावी लागते आणि सकाळी नऊनंतर गेल्यास ती कोमेजलेली असते.