रिकॉल आठ महिने वापरल्यावर: माझ्या स्क्रीनवर मी एकटी नसते

मी सांगलीत गेली १९ वर्षं करसल्लागार म्हणून काम करते. पगारदार, पेन्शनर, हळदीचे दोन-तीन व्यापारी, काही डॉक्टर असे माझे क्लायंट. ऑफिस म्हणजे घरातलीच पुढची खोली. मे २०२५च्या शेवटी जुना लॅपटॉप पार थकला आणि सीझन तोंडावर आलेला, म्हणून नवा घेतला. तो कोपायलट प्लस प्रकारातला निघाला, म्हणजे त्यात एआयच्या कामासाठी एनपीयू नावाचा वेगळा प्रोसेसर असतो. त्याची किमान क्षमता ४० टॉप्स, सेकंदाला ४० लाख कोटी आकडेमोडी. हा एनपीयू नक्की कशासाठी लागतो, ते मला रिकॉल सुरू केल्यावर कळलं.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. रिकॉल ही मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ११मधली सोय आहे. स्क्रीनवरचा मजकूर बदलला की दर काही सेकंदांनी ती स्क्रीनचा फोटो घेते, फोटोतली अक्षरं वाचून ठेवते आणि नंतर तुम्ही एखादा शब्द टाकलात की तो कधी, कुठल्या खिडकीत दिसला होता ते समोर आणते. फोटो लॅपटॉपमध्येच राहतात, कंपनीच्या सर्व्हरवर जात नाहीत. सुरू करायला ५० जीबी मोकळी जागा लागते, डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, असावी लागते आणि बोट किंवा चेहरा नोंदवावा लागतो. फोटो ठेवायचे का, हे ती आधी विचारते. मी विचार करून 'हो' म्हटलं.

विचार करून म्हणते, कारण हिचा इतिहास मी वाचला होता. २० मे २०२४ला मायक्रोसॉफ्टने रिकॉल जाहीर केलं आणि काही दिवसांतच केविन ब्यूमाँट या सुरक्षातज्ज्ञाने दाखवून दिलं, की वाचलेली सगळी अक्षरं एका साध्या डेटाबेसमध्ये उघडी पडलेली आहेत. अलेक्झांडर हागेना या दुसऱ्या सुरक्षातज्ज्ञाने तर ती उपसून काढणारं 'टोटल रिकॉल' नावाचं छोटं हत्यारच करून ठेवलं. ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने विचारणा केली. जूनमध्ये कंपनीने माघार घेतली आणि नवे लॅपटॉप बाजारात आले ते रिकॉलशिवाय. पुढे एप्रिल २०२५मध्ये ते परत आलं तेव्हा बराच फरक होता. आता आपण होऊन सुरू केल्याशिवाय ते चालत नाही, फोटो एन्क्रिप्ट होऊन प्रोसेसरच्या मदतीने वेगळ्या काढलेल्या बंद कप्प्यात राहतात, उघडताना दर वेळी ओळख पटवावी लागते आणि नकोच असेल तर विंडोजच्या फीचर्सच्या यादीतून काढूनही टाकता येतं. टीकेमुळे एवढं बदललं, याचं मला बरं वाटलं होतं. या कामाचं श्रेय टीका करणाऱ्यांना द्यायलाच हवं.

पहिले दोन महिने मी खूश होते. एक डॉक्टर दर वर्षी ८०जीच्या, म्हणजे करसवलतीच्या देणग्यांच्या, पावत्या सुट्या सुट्या पाठवतात. एक व्हॉट्सॲपवर, एक मेलवर, एक फोनवर वाचून दाखवतात. जुलैत त्यांनी विचारलं, "मॅडम, ती २५ हजारांची पावती मिळाली होती ना?" मला आठवेना. रिकॉलमध्ये संस्थेचं नाव टाकलं आणि तीन आठवड्यांपूर्वीची ती पावती, ज्या चॅटमध्ये उघडली होती त्या चॅटसकट, समोर आली. एआयएसमधली (प्राप्तिकर खात्याकडच्या वार्षिक माहितीपत्रकातली) एखादी नोंद आधी कधी पाहिली होती, पोर्टलवर नेमका कुठला संदेश आला होता, हे सगळं असंच सापडायचं. २०२५मध्ये रिटर्नची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर झाली आणि शेवटी एक दिवस वाढून १६ सप्टेंबर. इतक्या लांबलेल्या सीझनमध्ये या शोधाने माझे पुष्कळ तास वाचवले. ते नाकारणं अप्रामाणिकपणा होईल.

मराठीचं मात्र सांगायला हवं. कंपनीने ज्या सहा भाषांसाठी रिकॉल नीट तयार केल्याचं सांगितलंय त्या म्हणजे इंग्रजी, चिनी, फ्रेंच, जर्मन, जपानी आणि स्पॅनिश. त्यात मराठीही नाही आणि हिंदीही नाही. माझी बहुतेक कागदपत्रं इंग्रजीत, म्हणून माझं अडलं नाही.

ऑगस्टमध्ये एक निवृत्त शिक्षक आले होते, मी त्यांना सर म्हणते. त्यांच्या गृहकर्जाच्या व्याजाचा दाखला त्यांनी पाठवला होता, पण तो मी कुठे ठेवला ते सापडेना. सर शेजारच्याच खुर्चीत. मी सवयीने रिकॉल उघडलं, बोट लावलं, 'होम लोन' टाइप केलं. स्क्रीनवर दाखल्यांचे लहान लहान फोटो पसरले. सरांचा दाखला तिसरा होता. पहिला दुसऱ्याच एका शिक्षकांचा होता, सरांच्याच शाळेतले, त्यांच्याबरोबर २० वर्षं स्टाफरूममध्ये बसलेले. नाव ठळक, थकलेली रक्कम त्याखाली. मी खिडकी लगेच बंद केली, पण सरांनी पाहिलं होतं. ते काही बोलले नाहीत, खिडकीबाहेर बघत बसले. जाताना दारात चप्पल घालता घालता म्हणाले, "मॅडम, माझंही असंच कोणाला दिसत असेल का हो?"

त्या प्रश्नाने मला रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी एकाच दिवसाची टाइमलाइन सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिली. माझं स्वतःचं असं त्यात होतं ते वीजबिल आणि बहिणीशी झालेल्या चार ओळी. बाकी सगळं लोकांचं. कोणाच्या पगाराच्या स्लिपा, कोणाचं नवरा-बायकोचं जॉइंट खातं, कोणी मुलाला न सांगता काढलेली एफडी. आणि ८०डीडीबीच्या, म्हणजे गंभीर आजाराच्या उपचारखर्चाच्या, वजावटीसाठी आलेली एका बाईंची डॉक्टरची चिठ्ठी. त्या आजाराबद्दल त्यांनी लेकीच्या सासरीही अजून सांगितलेलं नाही, मला सांगितलं ते रिटर्नमध्ये लागतं म्हणून. ती पीडीएफ मी काम झाल्याबरोबर माझ्या शिस्तीप्रमाणे काढून टाकली होती. फाइल गेली होती, तिचा फोटो राहिला होता. रिकॉलची रचनाच तशी आहे. फाइल पुसली तरी स्क्रीनवर ती दिसल्याची आठवण वेगळी राहते. तिकडून पाठवणाऱ्याने संदेश आपोआप पुसला जाण्याची सोय वापरली असली, तरी इकडच्या फोटोला त्याचा पत्ता नसतो.

रिकॉलमध्ये संवेदनशील माहितीची चाळणी आहे आणि ती मुळातच सुरू असते. पासवर्ड, कार्डाचे क्रमांक, सरकारी ओळखक्रमांक अशा गोष्टी ओळखल्या तर तो फोटो ठेवला जात नाही. ब्राउझरची खासगी खिडकीही वगळली जाते. चाळणी आहे हे चांगलंच, पण ती ज्यांना ठरावीक साचा असतो अशा गोष्टी शोधते. आजाराच्या नावाला, घटस्फोटाच्या पोटगीला, भावांच्या वाटणीपत्राला कुठला साचा? माझ्या धंद्यात खरी गुप्त असते ती हीच माहिती.

ठरावीक ॲप किंवा वेबसाइट आपण वगळू शकतो. मी प्राप्तिकराचं पोर्टल, बँकांच्या साइट आणि व्हॉट्सॲप एकेक करून यादीत घातलं. नवा क्लायंट आला की नवी बँक, नवी साइट. यादी पुरी पडेना. सिग्नल या मेसेजिंग ॲपने मे २०२५मध्ये विंडोजवर स्वतःच बंदोबस्त केलाय. चित्रपटांची नक्कल होऊ नये म्हणून असलेली खूण त्यांनी आपल्या खिडकीला लावली, त्यामुळे फोटोत तिथे काही दिसत नाही. ब्रेव्ह ब्राउझरनेही नंतर रिकॉल मुळातच अडवलं. ज्याने त्याने आपापलं दार लावून घ्यावं अशी ही स्थिती आहे. मला वाटतं, आधी परवानगी घेऊनच दार उघडावं असा नियम हवा होता.

यानंतरही मी पूर्ण बंद केलं नव्हतं. फक्त फोटो किती दिवस ठेवायचे, ती मर्यादा कमी केली. डोळे उघडले ते ऑक्टोबरमध्ये.

कीबोर्डचं एक बटण अडकायला लागलं म्हणून लॅपटॉप एका दुरुस्तीच्या दुकानात नेला. काउंटरवरच्या मुलाने जॉबकार्ड भरलं आणि सहज म्हणाला, "ताई, पिन सांगा." मीही सहज सांगितला. त्याने तो कार्डावर लिहिला, शिवाय पांढऱ्या चिकटपट्टीवर स्केचपेनने लिहून लॅपटॉपच्या झाकणावर लावला. मागच्या मांडणीत तशा आठ-दहा लॅपटॉपांवर आठ-दहा पिन लिहिलेले दिसत होते. आपल्याकडे सगळीकडे हे असंच चालतं, त्यात त्या मुलाच्या मनात काही वाईट नव्हतं. मी बसस्टँडपर्यंत आले आणि पाय थांबले. रिकॉल सुरू करताना बोट किंवा चेहरा लागतो, पण एकदा सुरू झालं की बोट लागलं नाही तर पिनही चालतो. म्हणजे त्या चिकटपट्टीवरचे आकडे माझ्या लॅपटॉपचे नव्हते. ते सरांच्या कर्जाचे होते, त्या बाईंच्या चिठ्ठीचे होते.

मी परत गेले. लॅपटॉप मागून घेतला, तिथेच उभं राहून प्रायव्हसीच्या सेटिंगमधून सगळे फोटो पुसले, रिकॉल बंद केलं, पिन बदलला. मुलगा म्हणाला, "ताई, आम्ही काही बघत नाही हो." मी म्हटलं, "तुझ्यावर विश्वास आहे रे. पण ज्यांचे कागद आहेत त्यांनी तुला पाहिलेलं नाही." बटणाचं काम पिन न देता, माझ्यासमोर झालं. २० मिनिटं लागली.

कायद्याच्या बाजूनेही बघायला हवं, निदान माझ्यासारख्या व्यावसायिकांनी. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ला पुट्टस्वामी खटल्यात सांगितलं. त्यानंतर २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होतील. घरगुती वापराला हा कायदा सूट देतो, पण लोकांच्या कागदांवर पोट भरणाऱ्याला ती मिळत नाही. लोकांनी मला कागद दिले ते रिटर्न भरायला. दर काही सेकंदांनी त्यांचा फोटो काढायला कोणीही संमती दिलेली नव्हती, आणि 'हो'चं बटण दाबताना मी कोणाला विचारलंही नव्हतं.

कोपायलट या मायक्रोसॉफ्टच्या एआय चॅटची गोष्ट वेगळी आहे, त्याची आणि रिकॉलची गल्लत करू नका. त्याला आपण जे लिहितो ते इंटरनेटवरून सर्व्हरवर जातं. जानेवारी २०२५मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने आपल्या कर्मचाऱ्यांना ऑफिसच्या यंत्रांवर चॅटजीपीटी, डीपसीकसारखी साधनं वापरू नका असं बजावलं, ते याच काळजीने. मी तिथे क्लायंटचं नाव किंवा आकडा कधीच टाकत नाही, आणि खात्याच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये माझ्या संवादावर मॉडेल शिकवण्याची परवानगी बंद केली आहे.

आता माझ्या लॅपटॉपवर दोन खाती आहेत. रिकॉलचे फोटो प्रत्येक खात्याचे वेगळे असतात, एकाचे दुसऱ्यात दिसत नाहीत. एका खात्यात मी परिपत्रकं, निकाल, जीएसटीचे बदल वाचते. तिथे रिकॉल सुरू आहे आणि अभ्यासाला त्याचा फार उपयोग होतो. क्लायंटचे कागद फक्त दुसऱ्या खात्यात उघडतात, तिथे फोटो घेणं बंद. मोठा अपडेट आला की दोन्हीकडची सेटिंग पुन्हा बघते. शोधाची सोय गेल्यामुळे आता कागद आल्या दिवशीच नाव-वर्ष टाकून फोल्डरमध्ये लावावा लागतो. दिवसाची २० मिनिटं जातात. पाचांपैकी गुण द्यायचेच तर स्वतःच्या अभ्यासासाठी चार, दुसऱ्यांचे कागद हाताळणाऱ्यासाठी एक.

डिसेंबरमध्ये सर दुसऱ्या कामासाठी आले तेव्हा मी त्यांना ती बंद केलेली सेटिंग दाखवली. त्यांनी चष्मा पुढे ओढून नीट वाचली, मान हलवली. मग खिशातून फोन काढून म्हणाले, "आणि मी तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवतो ते फोटो तुमच्या मोबाइलमध्ये किती दिवस राहतात?" मी त्यांच्यासमोरच माझा फोन उघडला आणि गॅलरीत शोधायला लागले.