नोलन रायनची ३४ नंबरची जर्सी, घ्यावी का?
डॅलसला भावाकडे गेलेलो तेव्हा घेतली, टेक्सस रेंजर्स या बेसबॉल टीमची, पाठीवर रायन आणि ३४. कापड मस्त आहे, घाम लगेच सुकतो, पण साइज अमेरिकन, त्यामुळे आपल्या एल वाल्यांनी एमच घ्या नाहीतर झबलं घातल्यासारखं दिसतं. आणि दोन धुण्यातच नावातल्या शेवटच्या अक्षराची कड सुटायला लागली, या किमतीत हे नाही चालत राव.

पण माणूस कोण आहे माहितीये का? पिचर, म्हणजे आपल्याकडचा बोलर समजा, १९६६ ते १९९३ मध्ये मेजर लीगचे २७ सीझन, ५,७१४ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकमध्ये बॅटर आउट), आणि नो-हिटर, म्हणजे अख्ख्या मॅचमध्ये समोरच्यांना एकही हिट नाही, अशा ७!! शेवटची १९९१ला, वय ४४. आम्हाला ४४ला जिना चढताना दम लागतो. गंमत म्हणजे सगळ्यात जास्त वॉक, म्हणजे चार चुकीचे बॉल टाकून बॅटरला फुकटात पहिला बेस, दिल्याचा रेकॉर्डपण त्याचाच, २,७९५, आणि वर्षातल्या बेस्ट पिचरला मिळणारं साय यंग अवॉर्ड एकदाही नाही.

३४ नंबर ह्यूस्टनची टीम ॲस्ट्रोज आणि रेंजर्स दोघांनीही त्याच्या मानासाठी रिटायर केलाय, म्हणजे आता दुसऱ्या कुणाला देत नाहीत, म्हणून टीम बघून घ्या, मी आधी चुकून ॲस्ट्रोजचीच उचललेली. साडेतीन स्टार, अर्धा त्या अक्षरामुळे कापला.